लिफ्टच्या विश्रांतीचा पत्रव्यवहार

लिफ्ट मंगळवारी सकाळी बंद पडली. तक्रार लिहायचं काम सरांकडे आलं नसतं, तर ती बुधवारी दुपारपर्यंत चालूही झाली असती. हे मत तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांचं. पण पुढे जे घडलं ते पाहता सरांच्या बायकोनेही ते खोडून काढायची फारशी खटपट केली नाही.

सरांनी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. निवृत्त झाले, निवांत झाले नाहीत. सकाळी उठून त्यांना कुठेतरी पोचायचं असे, फक्त कुठे ते ठरलेलं नसे. मग ते पेपरातल्या चुका काढत, किराणावाल्याच्या पाटीवरचं स्पेलिंग त्याला समजावून सांगत, आणि काहीच नाही मिळालं तर घरातल्या घरात दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत. "फरशी झिजली तर घरमालक आपल्यालाच विचारतील," असं बायको म्हणे. घर स्वतःचं होतं, पण मुद्दा सरांच्या लक्षात येई.

त्यामुळे मंगळवारी इमारतीचे अध्यक्ष स्वतः दोन मजले चढून धापा टाकत दारात उभे राहिले, तेव्हा सरांना बरं वाटलं. अध्यक्षांचं तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं आणि लिफ्टच्या कंपनीत ग्राहक म्हणून त्यांचंच नाव नोंदलेलं होतं.

"सर, कंपनीवाले म्हणतात फोनवर तक्रार घेत नाही. मेल करा, इंग्रजीत. म्हटलं, इंग्रजी तर आपल्या घरचंच आहे. दोन ओळी लिहून द्या. 'लिफ्ट नॉट वर्किंग', बस्स."

फळ्यावर कुणी नख ओढावं तसा सरांचा चेहरा झाला.

"अध्यक्ष, नॉट वर्किंग हे मी चौतीस वर्षं लाल शाईने खोडलंय. पंखा नॉट वर्किंग, नळ नॉट वर्किंग, मुलगा नॉट वर्किंग. अहो, भाषेला काही पोत असतो की नाही? इंग्रजीत नुसतं स्वस्थ राहण्याला पन्नास शब्द आहेत. प्रत्येकाची छटा वेगळी."

"आपल्याला एकच छटा हवीय सर. लिफ्ट वर जात नाही."

"आणि खालीही येत नाही," सर म्हणाले. "म्हणूनच शब्द तोलून वापरायला हवा."

लिफ्ट चालू करायची घाई नुसती हौसेची नव्हती. पाचव्या मजल्यावर सरांची थोरली बहीण राहत असे. सगळी इमारत तिला ताईच म्हणे. ताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि गुडघे असे की, अठरा पायऱ्यांचा एक जिना उतरायचा म्हणजे मध्ये तीनदा बसायचं. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख तीन महिने थांबून मिळाली होती. आजपासून तेविसाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी नऊला. ती हुकली की पुन्हा तीन महिने. तेवीस दिवस म्हणजे भरपूर, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

सर टेबलाशी बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी त्यांनी लिहिलं की आमची लिफ्ट आज सकाळपासून आयडल आहे.

"आयडल?" अध्यक्षांनी भुवई चढवली. "ते गाण्याच्या स्पर्धेत असतं ते?"

"ते वेगळं. हा आयडल म्हणजे काम सोडून स्वस्थ उभा. बघा, डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं. खांबाला टेकून, हात खिशात घालून."

अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर कसलंही चित्र उभं राहिलं नाही, पण त्यांनी मेल पाठवला.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला. वॉचमनने त्याला बसायला खुर्ची दिली, चहा पाजला, आणि त्या माणसाने चहा संपवून पाचही मजल्यांवर लिफ्टच्या दारांना पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. मग एक पत्र दिलं. आपली लिफ्ट सुस्थितीत असून सध्या वापरात नाही हे कळवल्याबद्दल कंपनी आभारी होती. 'विनावापर' योजनेखाली तिची देखभाल सहा महिने स्थगित करण्यात येत होती.

"हे तर उलटंच झालं!" अध्यक्ष म्हणाले.

"शब्द चुकलेला नाही," सर पत्र डोळ्यांशी धरून म्हणाले. "वाचणारा चुकलाय."

शिक्षकाचं असं असतं. पोराने उत्तर चुकवलं तर पोरगं कच्चं, आणि परीक्षकाने गुण कापले तर परीक्षक कच्चा. स्वतः कच्चं असण्याची सोय त्या पेशात नाही.

ही बातमी जिन्यातून वर गेली आणि वकील खाली आले. वकिलांना सल्ला द्यायला फी लागते असं लोक म्हणत, पण जिन्यात ते सढळ हाताने देत.

"सर, आयडल शब्दात आरोप आहे. काम असून न करणारा तो आयडल. आरोप केला की हेतू सिद्ध करावा लागतो. लिफ्टला कुठला आलाय हेतू? तुम्ही इनॅक्टिव्ह लिहा. कोरडा शब्द आहे. कोर्टात टिकतो."

सरांना तो शब्द सरकारी वाटला, पण त्या रात्री त्यांनी त्यावर विचार केला आणि सकाळी दात घासताना त्यांना तो पटला. तोंडात फेस असतानाच त्यांनी बायकोला सांगितलं, "इनॅक्टिव्हमध्ये निंदा नाही. नुसती नोंद आहे."

"चूळ भरा आधी," बायको म्हणाली.

मेल गेला. सोमवारी अध्यक्षांनी कंपनीला फोन लावला तेव्हा यंत्रातल्या बाईने गोड आवाजात सांगितलं की हा ग्राहक क्रमांक अस्तित्वात नाही. कंपनीने इनॅक्टिव्ह हा शब्द वाचला होता आणि त्याची नोंदही केली होती, फक्त लिफ्टच्या नावापुढे नव्हे, अध्यक्षांच्या. आता नवा ग्राहक क्रमांक काढायचा तर अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि दोन फोटो. अध्यक्षांनी दुकानाचं शटर ओढलं, फोटो काढून आणले, रांगेत उभे राहिले. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी कळलं की फोटोत अध्यक्षांनी चष्मा घातलाय, तो चालत नाही. चष्म्याच्या दुकानदाराला चष्म्याशिवाय फोटो काढून घ्यायला लागणं हा अध्यक्षांना व्यवसायाचा अपमान वाटला. त्या दिवसापासून ते सरांना 'सर' म्हणताना थोडं थांबून म्हणू लागले.

इकडे सरांना चैन पडेना. ते सकाळी पाचव्या मजल्यावर ताईंकडे जात, दूध पोचवत, खाली येत, मग एखादा शब्द सुचला की थेट तळमजल्यावर अध्यक्षांकडे. तिथून परत वर, कारण शब्द लिहिलेला कागद ताईंच्या टेबलावर राहिलेला असे. एकदा ते चौथ्या मजल्यावर थांबून भिंतीला टेकले आणि एकदम म्हणाले, "डॉर्मंट!" चौथ्या मजल्यावरच्या बाई दार उघडून म्हणाल्या, "तो इथे राहत नाही."

डॉर्मंट त्यांनी स्वतःच बाद केला. त्यात झोपलेल्या ज्वालामुखीचा भाव होता आणि कंपनीने उगीच अग्निशामक दल पाठवलं असतं. स्लगिश म्हणावं तर ती मंद चालते असा अर्थ झाला असता. शेवटी नवा ग्राहक क्रमांक मिळाला त्या संध्याकाळी त्यांना निर्दोष शब्द सापडला. स्टेशनरी. जागच्या जागी उभी. निंदा नाही, झोप नाही, हेतू नाही. शुद्ध भौतिकशास्त्र.

त्यांनी लगेच दुसऱ्या मजल्यावरून फोन करून अध्यक्षांना मजकूर सांगितला आणि अध्यक्षांनी दुकानात बसून गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता तो टाइप केला. सरांनी स्पेलिंग सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं नाही, आणि नेमकं तेव्हाच सांगायला हवं होतं. कारण त्या शब्दात एका जागी 'ए' असतो, आणि तिथे 'ई' घातला की जगाचा अर्थ बदलतो.

तीन दिवसांनी एक मोठं खोकं आलं. आणणारा माणूस चांगला अंगापिंडाने भरलेला होता, पण पत्त्यात 'लिफ्टची मशीन रूम, पाचवा मजला' असं होतं, म्हणून त्याने ते डोक्यावर घेऊन पाच मजले चढवलं आणि ताईंच्या दारात आदळलं. आत कंपनीचं नाव छापलेल्या बारा वह्या, चोवीस पेनं, एक डिंकाची बाटली आणि दोन स्टेपलर होते.

ताईंनी हाताने चाचपून एकेक वस्तू ओळखली. "अरे," त्या सरांना म्हणाल्या, "मी यांना लिफ्ट मागितली होती का शाळा?"

सरांनी खोक्यावरचं पत्र वाचलं, मग अध्यक्षांचा मेल वाचला, मग 'ई' बघितला. खाली गेले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता.

"अध्यक्ष, हा 'ई' कुठून आला?"

"कुठून म्हणजे? तुम्हीच सांगितलंत, स्टेशनरी. माझ्या दुकानाशेजारी स्टेशनरीचं दुकान आहे. वीस वर्षं मी ती पाटी बघतोय. पाटी बघून लिहिलं."

सर बाहेर जाऊन ती पाटी बघून आले. अख्ख्या रस्त्यावरच्या पाट्यांत तेवढं एकच स्पेलिंग बरोबर होतं.

आता अठरा दिवस झाले होते. शनिवारी सरांनी ठरवलं की यापुढे कुणाचा सल्ला नाही, कुणाची बोटं नाहीत. त्यांनी स्वतः बसून, स्वतः टाइप करून, तीनदा तपासून मेल लिहिला. त्यात त्यांनी लिहिलं की ती गेले अठरा दिवस अ‍ॅट रेस्ट आहे, हालचालीचं कसलंही चिन्ह नाही, आणि आम्ही सर्व रहिवासी अत्यंत व्यथित आहोत. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

"छान आहे," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "कोण गेलं?"

सरांनी त्याकडे दुर्लक्ष केलं. ते करायला नको होतं.

मंगळवारी उत्तर आलं. ते अध्यक्षांच्या दुकानात त्यांच्या बायकोच्या हाती पडलं. तिने पहिली ओळ वाचली, नवऱ्याकडे पाहिलं, दुसरी ओळ वाचली आणि स्टुलावर बसली. आपले ग्राहक अठरा दिवसांपूर्वी चिरविश्रांती घेते झाल्याचे कळून कंपनीला दुःख झाले होते. हालचालीचं चिन्ह नसल्याने खात्री पटली होती. सेवा पुढे चालू ठेवायची असल्यास वारसाने मृत्यूचा दाखला सादर करावा. कागदपत्रं न्यायला माणूस गुरुवारी येईल.

अध्यक्षांनी तातडीने फोन लावला. "मी स्वतः बोलतोय! मी जिवंत आहे!"

"आपण वारस का?" पलीकडून विचारणा झाली.

"अहो, मीच तो!"

"सॉरी सर. ग्राहकाबद्दल माहिती फक्त वारसालाच देता येते."

त्या संध्याकाळी जिन्यात सभा भरली. जिन्यातच, कारण कुणालाही पुन्हा चढायचं नव्हतं. वकील पायरीवर बसले होते, अध्यक्ष कठड्याला धरून उभे होते, आणि ठराव असा झाला की सरांनी यापुढे कुणालाही काहीही लिहू नये. विरोधात मत नव्हतं. सरांच्या बायकोने ठरावाला मत दिलं नाही, पण विरोधात हातही वर केला नाही.

"चौतीस वर्षं," सर एवढंच म्हणाले आणि वर चढू लागले. आपला मजला आला तरी थांबले नाहीत.

ताई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना बाहेरचं काही दिसत नसे, पण उजेड कुठून येतो ते कळे, आणि त्या तिकडे तोंड करून बसत.

"तुझी पावलं ओळखू येतात," त्या म्हणाल्या. "चिडला असलास की एक पायरी गाळतोस."

सर खोलीत फेऱ्या मारू लागले. दारापासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत. "ताई, परवा गुरुवार आहे. अजून एखादा शब्द असेल. नीट शोधला तर..."

"मला काय म्हणशील रे इंग्रजीत?"

"तुला?"

"तीन आठवडे इथे बसलेय. जिना नाही, दुकान नाही, माणूस नाही. दूध आणतोस, ठेवतोस आणि शब्द सांगून पळतोस. आयडल म्हणतोस का मला? की ते दुसरं, झोपलेला डोंगर?"

सर थांबले. त्यांना उत्तर सुचेना. चौतीस वर्षांत असं फार क्वचित झालं होतं, आणि झालं तेव्हा त्यांनी वर्गाला खाली मान घालून दोन पानं वाचायला सांगितली होती. इथे ते शक्य नव्हतं.

"तू..." ते म्हणाले, "तू वाट बघतेयस."

"मग तेवढंच कर. वाट बघणाऱ्या बाईला खाली ने. लिफ्टने नाहीतर कशानेही. लिफ्टला काय म्हणायचं ते तिचं ती बघेल."

गुरुवारी सकाळी साडेसातला चार माणसं पाचव्या मजल्यावर जमली. सर, वकील, वॉचमन आणि अध्यक्ष, जे कागदोपत्री हयात नसूनही आले होते. ताईंना मजबूत लाकडी खुर्चीत बसवलं. सरांनी जुनी चादर त्यांच्या कमरेभोवती घेऊन पाठीला गाठ मारली.

"मुलं झोळीत घालतात तसं दिसतंय," ताई म्हणाल्या. "सोडू नका म्हणजे झालं."

पहिला जिना बरा गेला. दुसऱ्या जिन्यात वळणावर खुर्चीचा एक पाय कठड्यात अडकला आणि चौघांनी एकाच वेळी चार वेगवेगळ्या दिशा सांगितल्या.

"डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे?"

"कायद्याने बघितलं तर पुढच्या माणसाच्या..."

"वकील, वजन धरा, कायदा नंतर!" अध्यक्ष ओरडले. खुर्ची कठड्यातून सुटली, ताईंनी कुणाचे तरी केस धरले. ते सरांचे होते, म्हणजे उरलेले.

तिसऱ्या मजल्यावर ते दम खायला थांबले तेव्हा खालून एक माणूस चढून आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात कागदांची चवड.

"वारस कोण आहेत?" त्याने विचारलं.

"वारस गेला खड्ड्यात!" अध्यक्ष म्हणाले. "मृत माणूस मी आहे!"

मेकॅनिकने चौघांकडे, खुर्चीकडे आणि चादरीत बांधलेल्या ताईंकडे पाहिलं. मग कागद पिशवीत घातले. "लिफ्ट बंद आहे का?" त्याने विचारलं. तेवीस दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"आम्ही चार पत्रं लिहिली," सर म्हणाले. आवाजात धार आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण धाप होती.

"पत्रं माणूस वाचत नाही, साहेब. मशीन वाचतं. एखादा शब्द उचलतं आणि त्या खात्याकडे ढकलतं. नुसता चौदा आकडा टाकायचा. चौदा म्हणजे बंद. माणूस दुसऱ्या दिवशी येतो."

वकिलांनी सरांकडे बघायचं टाळलं. त्यात दया होती, आणि तीच सरांना जास्त लागली. ते चौदा हा आकडा मनात उलटसुलट करून बघत राहिले, त्यात कुठे छटा सापडते का ते.

"चला रे," ताई म्हणाल्या. "नऊ वाजतील."

ताई वेळेवर पोचल्या. ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. दुपारी चारला सर त्यांना घेऊन परत आले, तेव्हा दारांवरच्या पिवळ्या पट्ट्या गेल्या होत्या आणि वॉचमन लिफ्टचं दार उघडं धरून उभा होता. दाराच्या सांध्यात कपडे वाळत घालायचा चिमटा अडकला होता, एवढंच. तो निळा होता आणि वकिलांच्या बाल्कनीत निळेच चिमटे असत, पण वकील पुरावा मागत होते.

सर आणि ताई आत शिरले. दार मिटलं. लिफ्ट वर निघाली. एक, दोन, तीन. मग एक हिसका बसला आणि ती थांबली.

सरांनी पाचाचं बटण दाबलं. मग तीनाचं. मग सगळी. घंटीचं बटण दाबलं, ती लांबवर कुठेतरी वाजली. लगेच जिन्यात पावलं धावली, दारं उघडली आणि आवाज सुरू झाले. अध्यक्ष मेकॅनिकला फोन करत होते. वकील ओरडून विचारत होते की आत हवा आहे का. कुणी म्हणालं, दाराला काठी लावा. कुणी म्हणालं, अजिबात लावू नका.

सर त्या चार फुटांच्या चौकोनात फेऱ्या मारू लागले. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे.

"अरे, बस ना," ताई म्हणाल्या. त्यांच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. "तुझ्या फेऱ्यांनी डबा हलतोय. मला गरगरतं."

सरांनी जमिनीवर रुमाल पसरला, ताईंना धरून त्यावर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून शेजारी बसले. गुडघे दुखत होते. खांदे दुखत होते. पाय सोडले तर समोरच्या भिंतीला लागत होते. बाहेर अध्यक्ष फोनवर ओरडत होते, "चौदा! चौदा हो! एक आणि चार!"

"डोळ्यात काही टोचतंय का?" सरांनी विचारलं.

"नाही. पट्टीच्या कडेने जरा उजेड येतोय. पांढरा आहे. आधी सगळं पिवळं दिसायचं," ताई म्हणाल्या. मग पदर सारखा करत, "पहाटेपासून जागी आहे रे. भीती वाटत होती."

"बोलली नाहीस."

"तू कुठे थांबत होतास ऐकायला."

सरांना वाटलं, आता काहीतरी बोलावं, मग वाटलं, बोलू नये. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर वजन आलं. ताईंचं डोकं कलंडलं होतं. पट्टी वरच्या बाजूला राहील अशा बेताने सरांनी खांदा किंचित खाली केला आणि तसेच बसून राहिले. पायाला मुंग्या आल्या, त्या त्यांनी येऊ दिल्या. नाकाला खाज सुटली, ती त्यांनी सुटू दिली.

किती वेळ गेला कळलं नाही. मग वर कुठेतरी धातूचा आवाज झाला आणि दाराची फट बोटभर उघडली. त्यातून मेकॅनिकचा एक डोळा दिसला.

"झालं साहेब. मागे सरका, दार उघडतो."

सरांनी मान हलवली नाही, फक्त ओठांवर बोट ठेवलं.

"पाच मिनिटं थांबा," ते कुजबुजले. "आत्ताच झोप लागलीय."